चौकातली फुली

ओल्या चुन्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. काष्टीकडच्या एका गावाचा ड्रोनवरून नकाशा करायचा होता. नेमकी जागा मोजून मी चौकात चुन्याची फुली मारली, कारण वरून काढलेले फोटो त्याच फुलीवर बसवायचे होते. ड्रोन उडायच्या सकाळी आमच्या ऑफिसचे साहेब येणार म्हणून सरपंचांनी चौक झाडला, सडा मारला आणि पताकांच्या बरोबर मध्ये नवी फुली काढली. नकाशात अख्खी गल्ली सरकली तेव्हा मला हे कळलं. जाब विचारला तर हसून म्हणाले, "तुमची कडंला हुती मॅडम, आमी मदी घेतली. लई शोभून दिसती!" गल्लीतल्या आजीचा ओटा नकाशात रस्त्यावर आला होता, म्हणजे कागदावर अतिक्रमणच. ती म्हणाली, "माजा ओटा काय चालत गेला व्हय गं?" साहेबांना फोन केला, तर म्हणे, "हातभर सरकलं तर काय बिघडतंय? द्या पाठवून." मी तो नकाशा पाठवला नाही. भांडून पुन्हा ड्रोन उडवला, नकाशा दुरुस्त केला. पण ते हसू आणि ते "काय बिघडतंय" अजून डोक्यातून जात नाही. फुली हलवली यांनी, आणि जेसीबी आला असता आजीच्या दारात.