रामकन्याबाईंचे पाच टाके

प्रसाद मुळे आमच्या समोरच्या घरात राहतो. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. प्रसादही आता स्टेशनवर पार्सल ऑफिसात बाबू आहे. बायको गौरी नागद्याच्या शाळेत शिकवते, रोज ट्रेनने अप-डाउन करते. ती सकाळी निघाली की दहा वर्षांची मुक्ता आणि सहा वर्षांचा आल्हाद, त्यांचे डबे, वेण्या, बूट, सगळं प्रसादच्या गळ्यात.

माणूस मनाने चांगला, पण उपदेशाचा भारी शौक. घरात ओल्या कचऱ्याला हिरवी बादली, सुक्याला निळी. फ्रिजवर त्याने स्वतः रंगवलेला तक्ता: नळ बंद करा, पंखा बंद करा, प्लास्टिकची पन्नी आणू नका. मुलांना तो तक्ता आता दिसतही नसे. आल्हाद केळ्याची साल खुशाल निळ्या बादलीत टाकायचा आणि "किती वेळा सांगितलं!" हा प्रसादचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी डबे भरण्याच्या घाईत प्रसादच्या हातून काचेचा ग्लास फुटला. त्याने काचा वर्तमानपत्रात गुंडाळल्या. तेवढ्यात गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजायला लागलं, म्हणून पुडी तशीच हिरव्या बादलीत बटाट्याच्या सालींवर टाकली आणि बादली गेटवर ठेवली. मुक्ता कंगवा हातात घेऊन मागेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी कचरागाडीवर रोजच्या रामकन्याबाईंच्या जागी कोणी दुसरीच बाई आली. ओल्या कचऱ्यातल्या पन्न्या हाताने वेचताना रामकन्याबाईंचा तळहात काचेने चिरला होता, पाच टाके पडले होते. संध्याकाळी मीच हे प्रसादला सांगितलं.

"अरेरे! लोक पण ना, काही विचारच करत नाहीत," तो म्हणाला.

जेवताना मुक्ताने विचारलं, "बाबा, तो आपलाच ग्लास होता ना?"

"गल्लीत इतकी घरं आहेत. आपलाच कशावरून?"

सकाळी आल्हादने पुन्हा साल निळ्या बादलीत टाकली, प्रसादने ओरडायला तोंड उघडलं, आणि मुक्ताने मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने साल स्वतःच उचलून हिरव्या बादलीत टाकली. "ऑफिसात दिवसभर ती नजर माझ्यासमोर होती," असं त्याने नंतर मला सांगितलं.

रविवारी तो दोन्ही मुलांना स्कूटरवर घेऊन निघाला. गौरी म्हणाली, "मुलांना कशाला नेतोस?"

"त्यांच्यासमोरच नाकारलं ना मी," तो म्हणाला.

रामकन्याबाई भैरवगढ़ला राहतात. त्यांचा नवरा तिथल्या छपाईच्या कारखान्यात कापड धुतो. हाताला पट्टी बांधून त्या दारात बसल्या होत्या. प्रसादने उभ्याउभ्याच सांगितलं, "वो काँच हमारे घर का था. मैंने ही फेंका था. माफ करना."

बाईंनी पट्टीचा हात पुढे केला. "अब बोलने से क्या होगा, भैया? टाँके तो मेरे लगे. रोटी भी लड़की बेल रही है."

आल्हादने हळूच विचारलं, "हमारा कचरा आप हाथ से छाँटती हो?"

"और कौन छाँटेगा, बेटा?"

मग मुक्ता पुढे झाली. "काँच टूटे तो क्या करें?"

बाईंचा आवाज जरा खाली आला. "डब्बे में बंद करके मेरे हाथ में देना. बोलके देना कि काँच है."

ते घरी परतले. आल्हाद आत गेला तो थेट हिरव्या बादलीपाशी. त्याने टॉफीचे दोन कागद बाहेर काढले, आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि कागद निळ्या बादलीत टाकले. प्रसादने त्याच दिवशी फ्रिजवरचा तक्ता उतरवला.

मुक्ताने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर "काँच है, सँभलकर" असं लिहिलं. ओला कचरा खतासाठी गच्चीवर एका माठात जिरवायचं ठरलं. पहिल्या खेपेला अळ्या झाल्या, आमच्या घरापर्यंत वास आला आणि गौरीने दोन दिवस गच्चीवर पाय ठेवला नाही. पूर्वीचा प्रसाद मुलांवर ओरडला असता. या वेळी तो म्हणाला, "पाणी मीच जास्त घातलं. आता काय करू या?" मुलांनी पोतंभर कडुनिंबाचा पाला गोळा केला, थर देऊन पाहिले आणि वास गेला.

गौरीने भैरवगढ़ छापाच्या जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या. एकदा देवास गेटच्या बाजारात प्रसाद पिशवी विसरला आणि टमाटे पन्नीत घ्यायला लागला. आल्हादने शाळेची टोपी काढून पुढे धरली. "भैया, इसमें डाल दो." भाजीवाला हसत सुटला आणि प्रसादला टोपीभर टमाटे सांभाळत स्कूटर स्टँडपर्यंत चालावं लागलं.

रामकन्याबाई तीन आठवड्यांनी कामावर परतल्या. मुक्ताने फुटलेला बल्ब डब्यात बंद करून त्यांच्या हातात दिला. "काँच है." बाईंनी डबा हलवून पाहिला, "ठीक है" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण शेजारच्या घराशी गाडी थांबली तेव्हा तो डबा उंच धरून म्हणाल्या, "देखो, ऐसे देते हैं." आज गल्लीतल्या नऊ घरांत असे डबे आहेत. दहावा अजून माझ्याकडून राहिलाय, हे कबूल करायला हवं.

मुक्ताने अकराव्या वाढदिवसाला कागदी प्लेटा नकोत म्हणून सांगितलं. प्रसाद गणेश मंडळाकडून स्टीलच्या ताटल्या घेऊन आला. मुलांनी पोह्यांवर ताव मारला, शेव सांडली, भरपूर गोंधळ घातला. मग मुक्ताने अंगणात पाण्याच्या दोन बादल्या मांडल्या: एक घासायला, एक विसळायला. सतरा मुलं ओळीने बसली आणि ताटल्या घासायला लागली. निम्मं पाणी ताटल्यांवर, निम्मं एकमेकांच्या अंगावर.

"पाणी वाया चाललंय!" प्रसाद सवयीने म्हणाला.

"वाया नाही, बाबा. बघा, सगळं जास्वंदीच्या आळ्यात जातंय," मुक्ता म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. खरंच जात होतं. मग त्यानेही बाह्या सरसावल्या आणि मुलांच्या ओळीत शेवटी बसून एक ताटली घासायला घेतली.