झेंडूखालचा वजनकाटा
झेंडूचा उग्र वास आला की मला शनिवार पेठेतला तो दवाखाना आठवतो आणि डोकं फिरतं. बाळांसाठी परदेशी सरकारने मदत म्हणून पाठवलेला पांढराशुभ्र वजनकाटा तिथे चार महिने चादरीखाली झाकलेला होता. "बिघडला तर दुसरा कोण देणार?" म्हणत नर्सबाई बाळ हातावरच जोखायच्या आणि "छान आहे हो" सांगायच्या. माझी दीड महिन्याची मुलगी दूध ओढेना, म्हणून खंडेनवमीला तिला घेऊन गेले. त्या दिवशी चादर निघाली होती, पण काट्यावर हळदकुंकू आणि झेंडूचा ढीग. "अहो, आज पूजा झालीये, आज वापरायचा नाही," बाई म्हणाल्या. "मग कालपर्यंत काय चाललं होतं?" असं म्हणून मी मुलीला सरळ फुलांवरच ठेवलं. फुलांसकट धरूनही वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरलं. बाई डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मुलगी वाचली, आज पन्नाशीला आलीय. पण पुढच्याच आठवड्यात काट्यावर पुन्हा चादर होती, आणि वर नवी पाटी: ‘कृपया हात लावू नये.’ त्यातलं ते ‘कृपया’ मला अजून पचलेलं नाही.