हात काढ सर

आमच्या सरांनी दोन वर्षांत कुणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. शाबासकी म्हणून नाही, समजूत म्हणून नाही, गर्दीत चुकून लागला असंही नाही. परभणीच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला ते आमचे निदेशक होते. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण पोरं त्यांना 'हात काढ सर' म्हणायची, कारण दिवसभर त्यांच्या तोंडात तेवढे दोनच शब्द असायचे.

त्याला कारण होतं. लोखंडाचा तुकडा, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, व्हाइसमध्ये, बेंचवरच्या लोखंडी शिकंजात, आवळायचा आणि कानशीनं घासून सपाट करायचा. थोडं घासलं की नवशिक्याचा हात आपसूक त्या चकचकीत भागावरून फिरतो. किती गुळगुळीत झालंय बघू तरी! फिटरची पहिली चूक ती हीच. बोटांचा घाम लोखंडाला लागला की कानस तिथं धरत नाही, नुसती घसरते. माझा हात पहिल्याच दिवशी फिरला आणि मागून आवाज आला, "हात काढ! लेकराच्या गालावरून फिरवायलीस का? डोळ्यानं बघ की!"

डोळ्यानं बघणं म्हणजे जॉबला गुण्या, म्हणजे लोखंडी काटकोन, लावायचा आणि दोन्ही खिडकीसमोर धरायचे. मधल्या फटीतून बारीक उजेड दिसला की काम कच्चं. सर मान वाकडी करून बघायचे आणि जॉब परत द्यायचे. "लय उजेड हाय. घास." रडकुंडीला यायची मी. सहा महिन्यांनी एकदा त्यांनी तो तसाच धरून ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "न्हाई दिसत." त्या दिवशी आमच्या गावच्या, झरीच्या बसमध्ये मी पूर्ण रस्ता उभी होते आणि मला ते घरी पोचल्यावर कळलं.

वीस पोरांत मी एकटी मुलगी. पोरं वाईट नव्हती, पण माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे आणि मला त्यांच्याशी. जेवणाच्या सुट्टीत ती सगळी बाहेर लिंबाखाली जायची. मी माझ्या बेंचवर डबा उघडायची. शेडच्या दुसऱ्या टोकाला सर त्यांच्या टेबलावर त्यांचा डबा उघडायचे. मधे सगळी यंत्रं बंद. "इकडं ये," असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही कधी उठून गेले नाही. मधेच तिकडून विचारायचे, "काल बस भेटली का?" मी म्हणायची, "भेटली." झालं, संपलं बोलणं. पण सर रजेवर असले की माझा डबा तसाच घरी परत जायचा, हेही खरं.

सर मूळचे चारठाण्याचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. परभणीत एक खोली करून राहायचे. दर रविवारी चारठाण्याला जायचे, घराचं कुलूप काढायचे, झाडून घ्यायचे आणि पुन्हा कुलूप लावून संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एकदा धीर करून विचारलं, "तिथं कोणी नसतं तर कशाला जाता सर?" ते म्हणाले, "घर उघडून बघावं लागतं माय. न्हाईतर ते बी इसरतंय."

निकाल लागला. ट्रेडमध्ये मी पहिली आले आणि त्याच आठवड्यात दोन पत्रं आली. एक पुण्याकडच्या मोठ्या कारखान्यातून, अप्रेंटिसशिपचं. दुसरं पॉलिटेक्निकचं, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन्हीकडं हजर व्हायचा सोमवार एकच. आण्णा, माझे वडील, मेंढरं घेऊन जिंतूरकडं गेले होते. फोनवर म्हणाले, "तुझं तुला कळतंय माय. मला त्यातलं काय उमगतंय?" आणि मागं मेंढरांचा आवाज येत राहिला.

पहिलं पत्र कसं आलं, हे मला त्या कारखान्यातल्या फोरमनचा फोन आला तेव्हा समजलं. ते सरांचेच जुने विद्यार्थी. म्हणाले, "सर स्वतः आले होते. फिटरमध्ये मुलगी नको असं इथं चाललं होतं. सरांनी रुमालातून तुमचा जॉब काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, यात उजेड दावा आन् मंग पोरीला न्हाई म्हणा." ज्या माणसानं कुणाकडं कधी चहासुद्धा मागितला नाही, तो माझ्यासाठी पुण्याला जाऊन कुणाच्या तरी केबिनबाहेर बसला होता.

आणि मी पॉलिटेक्निक निवडलं. लोकांना सांगताना मी पुढचं शिक्षण, पदवी, भवितव्य असं काय काय सांगितलं. खरं कारण फार छोटं होतं. मला एकटं राहायचा कंटाळा आला होता. कारखान्यात पुन्हा मी एकटीच असणार, पुन्हा बेंचवर एकटीनं डबा. पॉलिटेक्निकला मुली होत्या. मला मैत्रिणी हव्या होत्या हो, एवढंच!

शनिवारी सरांना सांगायला गेले. सगळं जिवावर आलं होतं. शेड रिकामी होती, सर कानशी ब्रशनं साफ करून एकेक ओळीत ठेवत होते. मी एका दमात सांगून टाकलं. ते कानस झाडत राहिले. मग म्हणाले, "कालेज वाईट न्हाई. पर तिथं हात इसरतात." मी मान खाली घालून उभी. शेवटची कानस ओळीत ठेवून ते म्हणाले, "बराबर हाय तुझं. सोमवारी टायमावर हजर हो."

मग त्यांनी ड्रॉवरमधून रुमालाची पुरचुंडी काढली. पुण्याला नेलेला माझा जॉब. सवयीनं खिडकीसमोर धरला, मान वाकडी करून बघितला. आणि त्या लोखंडावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी तळहात फिरवला. सावकाश, बोटं पसरून. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हात!" ते म्हणाले, "आता कुठं कानस चालायचीय यावर?" आणि जॉब रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "घरी जाऊन तेल लाव."

मी तेल लावलं नाही. घरी जाऊन रुमालासकट तो पेटीत टाकला आणि तोंड फिरवून झोपले. चार महिन्यांनी काढला तेव्हा त्यावर सरांच्या चार बोटांचे गंजाचे डाग उमटले होते.

पुन्हा मी त्यांना भेटले नाही. येत्या सुट्टीत जाऊ, डिप्लोमा झाला की जाऊ, पदवीचे पेढे घेऊनच जाऊ. तोंड दाखवायची लाज वाटायची, दुसरं काही नाही. सर रिटायर होऊन चारठाण्याला गेल्याचं कळलं, तेव्हाही मी 'दिवाळीत जाऊ' म्हणाले. दिवाळीआधीच आयटीआयच्या ग्रुपवर ते गेल्याचा मेसेज आला. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या घराचं कुलूप आता कोण उघडत असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आता मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मैत्रिणी मिळाल्या होत्या, पण त्यांची लग्नं झाली, त्या पांगल्या. स्टाफरूममध्ये पाच बायका आहेत, चांगल्या आहेत. तरी माझा डबा मी खिडकीपाशी एकटीच खाते. मध्यंतरी पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायला कानस हातात घेतली, भरभर घासलं आणि गुण्या लावला. फटीतून ढळढळीत उजेड. मी तो जॉब पोरांना दाखवलाच नाही. सर खरं बोलले होते. माझे हात विसरले होते.

सरांचा तो तुकडा माझ्या टेबलावर असतो. परवा एक विद्यार्थिनी सबमिशनची वही घेऊन आली. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "मॅडम, यावर गंज आलाय. पॉलिश पेपरनं दोन मिनिटांत काढून देते." आणि तिनं हात पुढं केला.

"हात काढ!"

स्टाफरूममधल्या पाचही जणींनी वळून बघितलं. पोरगी घाबरून मागं सरकली. तिला मी काय सांगणार होते? इतकी वर्षं तो माझ्याजवळ आहे आणि त्या चार बोटांवर मी माझं बोटसुद्धा कधी ठेवलेलं नाही.