जामाच्या बुंध्याचा पाईप

१९६५च्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. जमा रक्कम चौतीस रुपये, माणशी दोन. हजर: मी, तिवारीजी आणि सरकारी शस्त्रांच्या कारखान्यातल्या पॅटर्न शॉपमधले आणखी पंधरा जण. विषय एकच. बार्टन साहेबांना निरोपाला काय द्यायचं?

बार्टन साहेब आमचे फॉरमन. अँग्लो-इंडियन, जबलपुरातच जन्मलेले, वर्षअखेरीस रिटायर होणार होते. पाकिस्तानशी लढाई सप्टेंबरात थांबली होती, पण आमचा ओव्हरटाइम थांबला नव्हता. खिडक्यांवरचा ब्लॅकआउटचा काळा कागदही तसाच होता.

कोणी शाल म्हणालं. तिवारीजी म्हणाले, "शाल ओढ़ के साहब कहाँ जाएँगे? गिरजाघर?"

कोणी घड्याळ म्हणालं. ते चौतीस रुपयांत येत नव्हतं.

मी म्हटलं, "पाईप."

साहेबांच्या पाईपाला त्या साली भोक पडलं होतं. विलायती माल येणं बंद होतं, नवा मिळत नव्हता. त्यांनी ते भोक फौंड्रीतल्या भट्टीच्या मातीनं बुजवलं होतं. तरी बाजूनं धूर यायचा, आणि धूर आला की साहेब आमच्यावर चिडायचे.

"मिलेगा कहाँ?" तिवारीजींनी विचारलं.

"आपण करू."

करणं अवघड नव्हतं, साहेबांना दाखवणं अवघड होतं.

पॅटर्नमेकर काय करतो ते आधी सांगतो. लोखंडाचा किंवा पितळेचा एखादा भाग ओतायचा असला, की आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रत करतात. तीच पॅटर्न. ती वाळूत दाबून काढली की पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. पॅटर्न चुकली की पुढचं सगळं चुकतं. म्हणून साहेब प्रत्येक पॅटर्न स्वतः तपासायचे. खिशात दोन रंगांची पेन्सिल असायची. निळी खूण म्हणजे पास, लाल फुली म्हणजे पुन्हा करा. माझ्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि पहिल्या तपासणीत माझ्या कामावर निळी खूण एकदाही पडली नव्हती. कधी कोपरा, कधी पॉलिश, काही ना काही निघायचंच. डिसेंबर संपला की तो हिशेब कायमचा बंद होणार होता. पाईप ही शेवटची संधी होती. हे मी त्या दिवशी कोणाला बोललो नाही, पण तिवारीजी ओळखून होते.

पाईपाचा चांगला माल म्हणजे ब्रायर, एका विलायती झुडपाच्या मुळाची गाठ. ती इथे कुठली? साग तेलकट, जळताना कडू लागतो. शिसवाला वास येतो. तेंदू तापला की चिरतो. फळझाडाचं लाकूड उत्तम. आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या अंगणात पावसाळ्यात पडलेला जामाचा बुंधा होता. जाम म्हणजे पेरू. लाकूड घट्ट, रेषा बारीक, वास नाही.

"अरे, फैक्ट्री में लेथ खड़ी है," तिवारीजी म्हणाले. "आधे घंटे का काम है. तुम बाज़ार में खरादी ढूँढ़ोगे?"

"लेथ सरकारची आहे. वेळही सरकारचा आहे."

"और साहब किसके हैं?"

"वर्षअखेरपर्यंत सरकारचे," मी म्हटलं. "पाईप त्यानंतर ओढतील."

शॉपची कुठलीच वस्तू वापरायची नाही असं मी ठरवलं. माझी स्वतःची हत्यारं घरी होतीच: पटाशी, कानस, कॅलिपर आणि पदरच्या पैशांनी घेतलेली स्टीलची पट्टी.

ओल्या लाकडाचा चीक काढायला ते उकळावं लागतं. पुढच्या रविवारी सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात मी ठोकळा टाकला. बायको आली.

"काय शिजवून राहिले?"

"लाकूड."

"मीठ टाकलं का?"

पाणी चहासारखं लाल झालं. पातेल्याला डाग पडला. ती म्हणाली, "साहेब तुमचे रिटायर होऊन राहिले, अन् पातेलं काहून माझं?" ते पातेलं पुढे कपडे भिजवायला गेलं.

ठोकळा सहा आठवडे सावलीत वाळवला. आमच्या धंद्यात लाकूड निदान वर्षभर वाळवतात. पण साहेब वर्षभर थांबणार नव्हते.

पाईपात मुख्य गोष्टी तीन. पहिली वाटी, म्हणजे तंबाखूची जागा. तिची भिंत दोन सूत तरी जाड हवी, नाहीतर हात भाजतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसरी गोष्ट धुराचं भोक. ते बरोबर वाटीच्या तळाशी निघायला हवं. वर निघालं तर खालची तंबाखू ओली राहते, खाली गेलं तर पाईप ओढत नाही. तिसरी तोंडात धरायची नळी. ती दांड्याच्या भोकात घट्ट बसली पाहिजे आणि हातानं फिरवून निघालीही पाहिजे, कारण पाईप रोज साफ करावा लागतो.

खाटेचे पाय कातणाऱ्या खरादीकडे दोन रविवार बसून मी वाटी आणि दांडा कातला. वाटी आतून जरा निमुळती ठेवली. पॅटर्न वाळूतून सहज निघावी म्हणून आम्ही सगळंच निमुळतं करतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात, हाताला तीच सवय. बाकी आकार कानशीनं काढला. चार रुपये खरादीला.

नळी शिंगाची करायची होती. शिंगाचे कंगवे करणारे नूरचाचा शहरातच होते. मी त्यांना माप सांगितलं, "भोकात जाणारं टोक तीन सूत."

"पूरे तीन?"

"पूरे तीन."

त्यांनी आठ दिवसांत सुरेख नळी केली. सहा रुपये. घरी येऊन बसवली तर ढिली. पाईप खाली धरला की नळी आपोआप बाहेर.

मी परत गेलो. "चाचा, पतली है."

चाचांनी आपली पट्टी लावली. बरोबर तीन सूत. मी दांड्याच्या भोकात कॅलिपर घातलं आणि माझ्या पट्टीवर मोजलं. तेही बरोबर तीन सूत.

"भैया," चाचा म्हणाले, "दोनों सही हैं तो झगड़ा काहे का? धागा लपेट दो."

दुसऱ्या दिवशी समारंभ होता. मी धागा गुंडाळला.

शेवटच्या दिवशी सुटीच्या भोंग्याआधी सगळे जमले. हार घातला, चहा झाला. तिवारीजींनी पाईप आणि तंबाखूचा डबा दिला. साहेबांनी पाईप हातात घेतला आणि आम्हाला वाटलं, आता तोंडात धरतील. ते खिडकीपाशी उजेडाला गेले.

"किसने बनाया?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाटीला ड्राफ्ट दिलाय. गुड." मग त्यांनी नळी काढली. धागा लोंबला. "ये क्या है, मैन? पाइप है या पतंग?"

लोक हसले. मी नळीचं आणि भोकाचं माप सांगितलं, दोन्ही तीन सूत.

"कौन सी स्केल से?"

मी खिशातून पट्टी काढून दिली. साहेबांनी ती उलटून पाहिली आणि टोकाशी कोरलेला शब्द मोठ्यानं वाचला. "ब्रास."

ब्रास म्हणजे पितळ. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडी मोठी करतात. दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्या पट्ट्याच लांब असतात. त्यांचा इंच जगाच्या इंचापेक्षा मोठा, म्हणून माझे तीन सूत चाचांच्या तीन सुतांहून मोठे. पितळेची पट्टी फुटामागे दीड सूत लांब. शॉपमध्ये साधी पट्टीही असते. घरी माझ्याकडे एवढी एकच होती, आणि त्या शब्दावर अकरा वर्षं माझा अंगठा होता.

"लाकूड ओतून पाईप करणार होतास?" साहेब म्हणाले. "आणि वाळवलं किती?"

"सहा आठवडे."

"सिक्स वीक्स!" त्यांनी पेन्सिल काढली. पाईपाच्या बुडाशी लाल फुली मारली, पाईप खिशात घातला, सतरा जणांशी हात मिळवले आणि गेले.

घरी सांगितलं. बायकोनं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तो काचवाला खरा होता."

दोन वर्षांपूर्वी खिडकीची काच लहान कापली म्हणून मी एका काचवाल्याशी भांडलो होतो. माप मीच दिलं होतं, ह्याच पट्टीनं मोजून. भांडून दुसरी काच फुकट घेतली होती, तीही जरा मोठी सांगून.

वर्गणीत तंबाखूचे सोळा आणि हार-चहाचे पाच धरून तीन रुपये उरले. ते दुरुस्तीसाठी ठेवायचे ठरले. पण साहेबांनी पाईप पाठवलाच नाही.

जूनच्या सुरुवातीला निरोप आला, नेपियर टाउनमध्ये घरी या. मी आणि तिवारीजी गेलो. साहेब व्हरांड्यात बसून पाईप ओढत होते. बाजूनं धूर येत नव्हता.

"नळी काढ," ते म्हणाले.

धागा नव्हता. नळी घट्ट होती. फिरवली तशी हळूच निघाली, पुन्हा घातली तशी तिथेच बसली. जबलपूरच्या मे महिन्यानं कच्चं लाकूड वाळवलं होतं, लाकूड आकसलं आणि भोक नेमकं खऱ्या तीन सुतांवर आलं होतं.

"पट्टी चुकली, लाकूड चुकलं," साहेब म्हणाले. "दोन चुकांनी एक काम बरोबर केलं. आता ह्यावर मी काय खूण करू?"

"साहब, नीली कर दीजिए," तिवारीजी म्हणाले. "ये ग्यारह साल से रुका है."

साहेब हसले. लाल फुलीशेजारी निळी खूण केली. "पॅटर्न पास. पॅटर्नमेकर रिवर्क. उसको एक सीधी स्केल दिलाओ."

उरलेले तीन रुपये नेपियर टाउनमधल्या हार्डवेअरवाल्याला दिले, साध्या फूटपट्टीचे. पट्टी वर्गणीच्या पैशांची, म्हणून मी ती घरी नेली नाही. शॉपमध्ये खिळ्याला टांगली. घरी दुसरी घेतली, माझ्या पैशांनी.

त्याच दिवशी दीड रुपया काचवाल्याला दिला, त्या फुकट काचेचा. त्याला काहीच आठवत नव्हतं. पैसे मात्र त्यानं मोजून घेतले.