गावंडे सरांच्या दारावर पाटी नको

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. प्रा. वासुदेव गावंडे आमच्या दारव्ह्याच्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा मी रसायनशास्त्र शिकवीत होतो आणि शिस्त समितीचा अध्यक्ष होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या टेबलावर शिवण उसवलेला फुटबॉल ठेवला आणि चहा मागितला. माझे मत तेव्हाच प्रतिकूल झाले.

पुढे विद्यार्थ्यांच्या दारू-गांजाच्या तक्रारी वाढल्या. प्राचार्यांनी समुपदेशनाचे काम गावंडे सरांकडे सोपवले. त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले आणि ते क्रीडासाहित्याच्या खोलीत बसू लागले. बॅट मागायला कोण आला आणि बोलायला कोण, हे बाहेरून कळत नसे. मला ती अव्यवस्था वाटली. मी दारावर ‘व्यसनमुक्ती समुपदेशन कक्ष’ अशी ठळक पाटी लावली आणि आत नावांची नोंदवही ठेवली.

महिनाभर त्या दारातून कोणीही आत गेले नाही. बॅट मागायलासुद्धा.

एके सकाळी गावंडे सर ती पाटी काखेत घेऊन माझ्याकडे आले.

“सर, पाटी लय सुंदर रंगवली हाये. पण तिच्याखालून पोरगा येईन कसा? बाप बाजाराले आला का चार जण त्याले पहिले तेच सांगतीन.”

मी आक्षेप नोंदवला. पाटी मात्र पुन्हा लागली नाही, नोंदवहीही कोरीच राहिली. विद्यार्थी परतले.

त्यांत माझाच एक विद्यार्थी होता. तो प्रयोगशाळेत पिऊन आला, म्हणून मी त्याच्या निष्कासनाचा ठराव तयार केला होता.

“नियम सर्वांना सारखा असतो,” मी म्हणालो.

“नियम राहू द्या ना सर. पोरगं बी राहू द्या. त्याले काढलं त मी बोलू कोणासंग?”

ठराव मी स्थगित ठेवला. गावंडे सर त्याला घेऊन एसटीने यवतमाळच्या रुग्णालयात गेले, रांगेत त्याच्या शेजारी बसले. सुट्टीनंतर तो पुन्हा पिऊन आला. सर पुन्हा त्याच्यासोबत गेले. आज तो उमरखेडला शिक्षक आहे. हे मी त्याच्याच परवानगीने लिहीत आहे. सरांनी त्याचे नाव माझ्यासमोर आजतागायत उच्चारलेले नाही, वास्तविक ते मला ठाऊक आहे.

सर साठ वर्षांचे होऊन निवृत्त होत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि गुडघे मैदानावर उभे राहण्याइतके शाबूत राहोत.

आता संस्थेला उद्देशून. सरांच्या निवृत्तीनंतर हा कक्ष प्रवेशद्वाराजवळ हलवून तेथे पाटी आणि नोंदवही ठेवण्याचा प्रस्ताव असल्याचे समजते. ती चूक मी पूर्वीच करून पाहिली आहे. तिची पुनरावृत्ती अनावश्यक आहे. प्रस्ताव मागे घेतला की नाही, हे सचिवांनी नवे सत्र सुरू होण्यापूर्वी मला लेखी कळवावे. विद्यार्थ्यांची नावे मात्र कोठेही लिहू नयेत.