पडद्याआडच्या काकू

पंचगंगा घाटावरच्या आमच्या पुढे काढलेल्या खिडकीत सकाळी ऊन मावत नसे. बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा घ्यायला निघाले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू बरोबर आल्याच. वाक्य संपायच्या आधीच त्यांना हसू फुटे. दुकानात प्रत्येक पडद्यामागे उभ्या राहून त्या विचारत, "दिसते का गं मी?"

"दिसताय, काकू!"

"मग बेकार! भैया, दूसरा दिखाओ."

अखेर एकामागे त्या दिसेनात. तोच घेतला.

पडदा टांगल्याबरोबर काकू त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये शिरल्या. "आता कुणी बघत नाही ना?" म्हणाल्या आणि पांढऱ्या केसांनिशी चक्क नाचू लागल्या. उन्हाने त्यांची सावली पडद्यावर उमटली होती. पण नदीकडची बाजू उघडीच होती; खालून नावाडी टाळ्या वाजवू लागले. काकू क्षणभर थबकल्या, मग पदर खोचून त्यांनी आणखी जोरात गिरकी घेतली.