मागच्या चाकाचा भार

इस्रायलमधल्या ओफाकिम गावच्या कापडगिरणीत महाराष्ट्रातून आलेला इझिकेल झिराडकर फिटर होता, आणि फिटर माणसाला दुसऱ्याचं काम सहसा पटत नाही. आपल्या जुन्या होंडाचे टायर तो घरामागच्या अंगणात स्वतःच बदलायचा. गावात रुबीची पंचेरिया होती, म्हणजे पंक्चरचं दुकान. टायर तो तिथून घ्यायचा, पण चढवूनही घेणं त्याला दुसऱ्याच्या हातानं जेवल्यासारखं वाटायचं.

होंडावर मागे त्याची बायको ब्राखा बसायची. ब्राखा अंगानं चांगली भरलेली होती आणि घरात मोजकंच बोलायची. पण गाडी गावाबाहेर पडली की तिचं तोंड जे सुटायचं, ते अश्दोदला तिच्या बहिणीचं, बत्याचं, घर येईपर्यंत. हेल्मेटमधून त्यातलं अर्धंच इझिकेलला ऐकू यायचं. तो सगळ्यालाच हो म्हणायचा, आणि संसार बरा चालला होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, नवा टायर चढवून आठवडा होतो न होतो तोच, अश्दोदच्या वाटेवर नेतिवोतजवळ मागचं चाक बसलं. इझिकेल वाकून बघून उठला आणि म्हणाला, "दोघांचा भार झेपला नाही त्याला."

दोघांचा, असंच तो म्हणाला होता. पण दोघांपैकी एक काडीपैलवान असला, की भार कोणाचा ते वेगळं सांगावं लागत नाही.  ब्राखानं भात सोडला. कुपत खोलिमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहून आली, आकडा घरात सांगितला नाही, आणि अश्दोदला बसनं जाऊ लागली. इझिकेल एकटाच होंडावरून हिंडायचा आणि हो म्हणायला कोणी नाही म्हणून चिडचिड करायचा. तिला पुन्हा मागे बसवल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

यावर त्यानं शोधलेला उपाय म्हणजे जाड टायर. तो आणून चढवला, तर चेनकव्हरला घासून चाक फिरेना. इझिकेल तो परत घेऊन गेला. इथंच जन्मलेला रुबी मराठी समजायचा, पण उत्तर हिब्रूत द्यायचा. जुन्या टायरवरचे आकडे त्यानं बोटानं दाखवले. शंभर ही मिलिमीटरमधली रुंदी, नव्वद ही रुंदीच्या टक्क्यांत उंची, अठरा इंचांची रिम. चाकाला हेच माप बरोबर. पुढचा छप्पन हा भाराचा अंक, आणि तेवढा टायर सव्वादोनशे किलो पेलतो. मग त्यानं विचारलं, गाडीवर तुम्ही दोघंच होता ना?

इझिकेल घरी आला. नेतिवोतजवळ बसलेली जुनी ट्यूब त्यानं टाकलेली नव्हती. ती फुगवून बादलीत बुडवली, तर शेजारी शेजारी दोन चिरांतून बुडबुडे आले. असं ट्यूब चिमटून फाटणं म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीचा, लिव्हरचा, घाव. टायरची शेवटची वीत रिमवर बसेना, म्हणून इझिकेलनं लिव्हर रेटली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ झाकायला ट्यूब कचऱ्यात टाकणं पुरेसं होतं.  त्याला लाज वाटली, आणि गिरणीत इतकी वर्षं काढून ती कशी वागवायची हे त्याला येत नव्हतं. शेवटी ओली ट्यूब घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि सगळं सांगितलं.

ब्राखानं दोन्ही चिरा नीट बघितल्या. "म्हणजे ट्यूब फाडली तुम्ही, आणि भात सोडला मी."

"हो," इझिकेल म्हणाला.

तिनं गॅस बंद केला आणि अंगणात, जुना टायर पुन्हा चढवायचा पडला होता तिथं, येऊन चपला काढल्या. शेवटची वीत कशामुळे अडते, ते त्याला सांगायला लावलं. तो म्हणाला, समोरची कड रिमच्या खोलगट भागात दाबून धरावी लागते, आणि तेवढं वजन माझ्या अंगात नाही. ब्राखानं त्याचा खांदा धरला आणि दोन्ही पाय टायरवर दिले. शेवटची वीत इझिकेलच्या अंगठ्यांनीच आत गेली. लिव्हर तशीच जमिनीवर पडून होती.

"तुझ्याशिवाय जमत नव्हतं," तो म्हणाला. ब्राखा म्हणाली, आधी मी भात टाकते.

पुढच्या आठवड्यात बत्याकडे मलिद्याचा विधी होता. ब्राखा होंडावर मागे बसली आणि ओफाकिम सुटताच तिनं त्याला झापायला सुरुवात केली. नेतिवोत आलं, गेलं, तरी ती थांबेना. इझिकेल मुद्दाम गाडी हळू चालवत राहिला.